केशवापुरातील घर आणि पायाखालची काळी माती : भेगा पडलेली वास्तू घ्यावी की सोडावी?

हुबळीचे केशवापूर रेल्वे स्थानकाच्या जवळ आहे, बाजारपेठही लांब नाही, त्यामुळे तेथील घरांना मागणी असते. नोकरी, व्यापार किंवा सोयरिकीच्या निमित्ताने घाट चढून हुबळी-धारवाडात स्थिरावू पाहणाऱ्या गोमंतकीय कुटुंबालाही असा भाग सोयीचा वाटतो. जुने बैठे घर, पुढे थोडे अंगण, कागदपत्रे स्वच्छ आणि किंमतही आवाक्यातली. मात्र खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली भेग दिसते आणि व्यवहार अडतो. मालक म्हणतो, ‘इथे सगळ्याच घरांना अशा भेगा असतात.’ नातेवाईक म्हणतात, ‘पाया गेलेले घर घेऊ नका.’ ही दोन्ही विधाने अर्धीच खरी आहेत. भेग दिसली म्हणून घर टाकाऊ ठरत नाही आणि शेजारच्या घरालाही भेग आहे म्हणून हे घर सुरक्षित ठरत नाही. घराची हालचाल अजून चालू आहे काय, ती कशामुळे होते आणि ती थांबवण्याचा खर्च किमतीतून वजा झाला आहे काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर निर्णय अवलंबून असतो. आयुष्याची बचत आणि वीस वर्षांचे कर्ज ज्या वास्तूत घालायचे, तिच्याविषयी ही उत्तरे इसार देण्यापूर्वी मिळवणे आवश्यक आहे.

गोव्याची जमीन, हुबळीची जमीन

गोमंतकीय खरेदीदाराची पहिली अडचण अनुभवाची असते. गोव्यात बहुतेक ठिकाणी घर उभे राहते ते जांभ्यावर आणि बांधले जाते ते जांभ्याच्याच चिऱ्यांनी. ही तांबडी जमीन पावसात भिजते आणि उन्हाळ्यात वाळते, परंतु तिचे आकारमान फारसे बदलत नाही. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलूनही जुनी घरे पिढ्यान्‌पिढ्या टिकली, त्यामागे जमिनीचा हा स्वभाव आहे. गोव्याचा गवंडी घर पाहायला जातो तेव्हा तो गळती, ओल आणि वाळवी शोधतो. जमीनच वर उचलली जाईल, ही शंका त्याच्या मनात सहसा येत नाही.

वास्को-हुबळी लोहमार्गाने कॅसलरॉक, लोंढा आणि अळणावर मागे टाकले की तांबडी माती हळूहळू सरते आणि धारवाडच्या पूर्वेस काळ्या मातीचा प्रदेश सुरू होतो. कन्नडमध्ये तिला ‘एरे मण्णु’ म्हणतात. कापूस, ज्वारी आणि हरभरा यांना ती मानवते, कारण ती पाणी धरून ठेवते. शेतीतील हाच गुण बांधकामात दोष ठरतो. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. त्याच्या अतिसूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी निघून गेले की आकसते. एप्रिल-मे महिन्यांत मोकळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच भेगा मिटून जमीन वर येते. गोव्याच्या तुलनेत हुबळीत जेमतेम चौथाई पाऊस पडतो. तरीही तेथील घरे अधिक हलतात, कारण पावसाच्या प्रमाणापेक्षा मातीचे हे ओले-सुके होत राहणेच पायाला अधिक जाचते.

या हालचालीचा थर जमिनीच्या वरच्या काही मीटरांपुरता असतो. त्याखाली ओलावा वर्षभर जवळपास सारखा राहतो. जुन्या बैठ्या घरांचा पाया बहुधा याच वरच्या, अस्थिर थरात असतो. घर हलके असले म्हणजे पायाला धोका कमी, हाही एक सार्वत्रिक गैरसमज आहे. फुगणारी माती वर दाबते तेव्हा एकमजली घराचे वजन तिला रोखण्यास पुरेसे पडत नाही. त्यामुळे भारी इमारतीपेक्षा बैठे घर, कुंपणाची भिंत आणि अंगणातील फरशी यांनाच या मातीचा त्रास आधी होतो.

मात्र हुबळीत सर्वत्र एकसारखी काळी माती आहे असेही नाही. कोठे मुरूम वरच लागतो, कोठे काळ्या मातीचा थर खोल जातो, तर कोठे जुना ओढा बुजवून भराव टाकलेला असतो. एकाच गल्लीतील दोन घरांखालची जमीन वेगळी असू शकते. म्हणून ‘केशवापूरची जमीन कशी आहे?’ या प्रश्नापेक्षा ‘या भूखंडाखाली काय आहे?’ हा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

भेग काय सांगते

सर्व भेगा पायामुळे पडत नाहीत. गिलाव्यावरील जाळीसारख्या बारीक रेषा बहुधा गिलावा वाळताना पडलेल्या असतात. छताच्या स्लॅबखाली भिंतीत आडवी भेग दिसली तर उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याचे ते लक्षण असू शकते. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत यांच्या सांध्यातील उभी रेघ ही दोन वेगळ्या पदार्थांच्या जोडणीची खूण असते. खांबाच्या लांबीने गेलेली आणि तांबूस डाग असलेली भेग मात्र आतील सळई गंजल्याचे सांगते. तो पायाचा रोग नसला, तरी गंभीर आहे.

पायाशी संबंधित भेग सहसा तिरपी असते. ती खिडकी-दारांच्या कोपऱ्यांतून निघते, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी वर चढते आणि भिंतीच्या आतून-बाहेरून एकाच जागी दिसते. भेग वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर घराच्या कडा खचत आहेत किंवा मधला भाग उचलला जात आहे, असा अंदाज बांधता येतो. ती खाली रुंद असेल तर मधला भाग खचत असण्याची शक्यता असते. सोबत इतर खुणाही पाहाव्यात. दारे पावसाळ्यात अडकतात काय, फरशीवर ठेवलेली गोटी एकाच दिशेला जाते काय, खोलीच्या मध्यभागी फरशी फुगली आहे काय आणि जोत्यापासून अंगणाची फरशी सुटली आहे काय, याकडे लक्ष द्यावे.

भेगेची रुंदीही मोजावी. ब्रिटनमधील इमारत संशोधन संस्थेची वर्गवारी यासाठी जगभर वापरली जाते. तिच्यानुसार एक मिलिमीटरपर्यंतची भेग अतिसौम्य, पाच मिलिमीटरपर्यंतची सौम्य, पाच ते पंधरा मिलिमीटरची मध्यम, पंधरा ते पंचवीसपर्यंतची गंभीर आणि त्यापुढची अतिगंभीर मानली जाते. परंतु रुंदीवरून आजवर किती नुकसान झाले एवढेच समजते. पुढे काय होणार, ते समजत नाही. वीस वर्षांपूर्वी पडून स्थिरावलेली आठ मिलिमीटरची भेग ही दर उन्हाळ्यात वाढणाऱ्या तीन मिलिमीटरच्या भेगेपेक्षा कमी धोक्याची असू शकते.

त्यासाठी कालमापन लागते. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून अंतर आणि तारीख लिहून ठेवावी किंवा भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिसने चिकटवावी. हालचाल झाली तर पट्टी तडकते. ब्रिटनमध्ये १९७६च्या मोठ्या अवर्षणात चिकणमातीवरील हजारो घरांना भेगा पडल्या. त्यानंतरच्या काळात तेथील जाणकार हळूहळू या निष्कर्षाला आले की, घाईने पाया खणण्यापूर्वी सुमारे वर्षभर मोजमाप घ्यावे. खरेदीदाराला वर्षभर थांबणे शक्य नसते. किमान उन्हाळ्याच्या अखेरीस एकदा आणि पावसाळा संपताना एकदा घर पाहणे मात्र शक्य असते. घराला नुकताच रंग दिलेला असेल तर केवळ आताच्या स्थितीवर भरवसा ठेवू नये. जुनी छायाचित्रे मागावीत आणि भाडेकरू व शेजाऱ्यांकडे चौकशी करावी.

पाणी कोठून येते?

काळ्या मातीवरील घराच्या दुखण्यात पाणी हाच बहुधा मुख्य दोषी असतो. हुबळी-धारवाडला मलप्रभेचे पाणी येते. जुळ्या शहरांच्या काही भागांत चोवीस तास पुरवठ्याची योजना राबवली गेली, परंतु अनेक वस्त्यांत वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने पाणी येत राहिले. त्यामुळे घराच्या अंगणात किंवा गाडी लावण्याच्या जागेखाली पाण्याची भूमिगत टाकी, म्हणजे ‘संप’ बांधणे ही तेथील घरांची गरज झाली. हा संप जोत्याला लागून असेल आणि त्याला बारीक गळती असेल, तर पायाच्या त्या एका कोपऱ्याखालची माती बाराही महिने ओली राहते. उरलेले घर उन्हाळ्यात खाली बसते आणि तो कोपरा मात्र वरच राहतो. भिंत तडकण्यास एवढे कारण पुरते. सांडपाण्याची फुटकी नळी, न्हाणीघराचे झिरपणारे पाणी आणि छतावरून थेट जोत्यालगत पडणारी पागोळी यांचाही असाच परिणाम होतो.

संपाची तपासणी सोपी आहे. तो भरून, वापर बंद ठेवून आणि झाकण लावून एक रात्र सोडावा. सकाळी पातळी उतरलेली आढळली तर गळती आहे. भेग संपाच्या बाजूलाच असेल, तर दुखण्याचे मूळ सापडण्याची शक्यता मोठी असते.

दुसरे कारण झाडांचे. जोत्याजवळील मोठे झाड उन्हाळ्यात मातीतील ओल शोषून घेते आणि त्या बाजूचा पाया खचतो. म्हणून झाड तोडले की प्रश्न सुटतो, असे मात्र नाही. झाड गेल्यावर सुकलेली माती पुन्हा पाणी धरते, फुगते आणि घर उलट्या दिशेने हलू शकते. जुने झाड अलीकडेच तोडल्याची खूण अंगणात दिसली तर त्याची नोंद घ्यावी.

परीक्षा कशी करावी

या टप्प्यावर संरचना अभियंत्याची मदत घ्यावी. हा अभियंता विक्रेत्याने, दलालाने किंवा दुरुस्तीच्या ठेकेदाराने सुचवलेला नसावा. बँकेचा मूल्यमापक घर पाहून गेला, एवढ्यावर समाधान मानणेही चूक ठरते. आपले कर्ज वसूल होईल एवढी किंमत या मालमत्तेला आहे काय, हे पाहणे त्याचे काम असते. पायाची परीक्षा त्यात येतेच असे नाही.

अभियंत्याच्या उपस्थितीत आणि मालकाच्या लेखी संमतीने, भेगेच्या जवळ जोत्याला लागून एक खड्डा घ्यावा. पायाच्या तळापर्यंत खणल्यावर पाया किती खोल आहे, तो दगडी आहे की काँक्रीटचा, त्याखाली माती आहे की मुरूम, हे प्रत्यक्ष दिसते. खड्डा त्याच दिवशी माती ठोकून बुजवावा. पावसाळ्यात तो उघडा राहिला तर तपासणीनेच नुकसान व्हायचे.

तेथील मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. जुळ्या शहरांत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, त्यांच्या स्थापत्य विभागात किंवा खासगी प्रयोगशाळेत चौकशी करता येते. ‘मुक्त फुगवटा’ चाचणी साधी आहे. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये टाकून चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. त्या दोन आकारमानांतील फरकाची टक्केवारी म्हणजे मुक्त फुगवटा. भारतीय मानकांच्या वर्गीकरणानुसार तो पन्नास टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी आणि शंभराच्या पुढे गेला तर धोका मोठा समजला जातो.

अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्यावा. हालचाल चालू आहे की थांबली, तिचे कारण काय, कोणती दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी आणि तिचे अंदाजपत्रक काय, या चार गोष्टी त्यात असाव्यात. ‘घर चांगले आहे’ असा एका ओळीचा दाखला निरुपयोगी समजावा.

उपाय आहेत, पण क्रमाने

काळ्या मातीवर घर बांधूच नये, असे विज्ञान सांगत नाही. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी कंदासारखा फुगीर भाग असलेले काँक्रीटचे खुंट-पाये विकसित केले. हलणाऱ्या थराच्या खाली ते रोवले जातात. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत मांडली. तिचा वापर मलप्रभेच्या कालव्यावर झाला. हुबळीला पाणी पुरवणाऱ्या नदीच्या कालव्यानेच काळ्या मातीवर कसे बांधावे याचा धडा दिला, असे म्हणता येईल. मात्र हे उपाय मुख्यतः नव्या बांधकामाचे आहेत. उभ्या घराच्या बाबतीत क्रम निराळा असतो.

प्रथम पाणी आवरावे. संप दुरुस्त करावा किंवा जोत्यापासून दूर हलवावा, नळ्या बदलाव्यात, पागोळीचे पाणी गटारापर्यंत न्यावे आणि घराभोवती सुमारे दीड मीटर रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला पक्का पट्टा करावा. हा खर्च तुलनेने कमी असतो आणि कारण पाण्याचे असेल तर अनेकदा त्यानेच हालचाल मंदावते. त्यानंतर किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. भेगा वाढल्या नाहीत तर त्या शिवून गिलावा करावा. वाढतच राहिल्या तर पायाखाली नवा आधार देण्याची वेळ येते. जुन्या पायाखाली थोड्याथोड्या लांबीने, एक आड एक टप्प्यात खणून काँक्रीट भरण्याचे हे काम नाजूक आणि खर्चिक आहे. ते अनुभवी अभियंत्याच्या देखरेखीशिवाय करू नये. आधी गिलावा, रंग आणि मग पाण्याचा विचार, असा उलटा क्रम लावला तर पैसा दोनदा खर्च होतो.

हिशेब आणि कायदा

समजा, त्या भागातील निर्दोष घराची किंमत ६० लाख रुपये आहे आणि भेगा पडलेल्या घराचा मालक ५६ लाखांवर येण्यास तयार आहे. दुरुस्तीचे अंदाजपत्रक ८ लाखांचे निघाले. जमिनीखालच्या कामात अंदाज चुकतो, म्हणून निम्मी रक्कम, ४ लाख, राखीव धरली. तपासणीचे ५० हजार आणि दुरुस्तीच्या सहा महिन्यांत अन्यत्र राहण्याचे १५ हजारांप्रमाणे ९० हजार झाले. बेरीज १३ लाख ४० हजार. म्हणजे हे घर ४६ लाख ६० हजारांच्या वर घेणे तोट्याचे आहे. चार लाखांची सूट मोठी वाटते, पण खरेदीदार प्रत्यक्षात सव्वानऊ लाखांहून अधिक भार उचलत असतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्ष व्यवहारात ते अहवालातून घ्यावेत, पद्धत मात्र हीच ठेवावी. शिवाय गृहकर्जाने हात बांधले जाणार असतील, तर दुरुस्तीचा पैसा खरेदीनंतर हाताशी राहतो काय, हेही पाहावे.

कायद्याचा आधार मर्यादित आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२च्या कलम ५५नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला सामान्य दक्षतेने न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. परंतु उघड दिसणारी भेग या संरक्षणात येणे कठीण आहे. करारात विपरीत अट असेल तर हे कर्तव्यही आक्रसते. ‘घर जसे आहे तसे स्वीकारले’ असे वाक्य मसुद्यात असल्यास त्याचा अर्थ वकिलाकडून समजून घ्यावा. मसुदा कन्नडमध्ये असेल तर त्याचे विश्वासू भाषांतर करून घेतल्याशिवाय सही करू नये. पूर्वीच्या भेगा, दुरुस्त्या, संपाची गळती आणि भराव यांविषयीचे प्रश्न लेखी विचारून उत्तरेही लेखी घ्यावीत. तपासणी अहवाल प्रतिकूल आल्यास इसार परत मिळेल, ही अट इसारपत्रातच असावी.

रेरा कायद्याच्या कलम १४नुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत आढळलेला संरचनात्मक दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. ती तरतूद विकासकाच्या प्रकल्पासाठी आहे, वीस-तीस वर्षांच्या बैठ्या घराच्या फेरविक्रीला तिचा उपयोग नाही. विम्यावरही फार विसंबू नये. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत जमीन खचण्याचा धोका समाविष्ट आहे, मात्र नव्या बांधकामाचे नेहमीचे बसणे, भरावाच्या जमिनीची हालचाल आणि सदोष रचना किंवा कारागिरी यांमुळे झालेले नुकसान तिच्यातून वगळलेले आहे.

घर केव्हा सोडावे?

काही खुणा दिसल्या तर हिशेब मांडत बसू नये. तिरप्या भेगांबरोबर खांब किंवा तुळयाही तडकल्या असतील, भिंत ओळंब्यातून बाहेर झुकली असेल, मूळ पायाचा विचार न करता वर मजला चढवला असेल, घर बुजवलेल्या ओढ्यावर असेल किंवा मालक खड्डा घेण्यास आणि लेखी उत्तर देण्यास नकार देत असेल, तर ते घर सोडणे श्रेयस्कर. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात आणि १९ मार्च २०१९ रोजी धारवाडच्या कुमारेश्वरनगरात बांधकाम चालू असलेल्या इमारती कोसळल्या. काणकोणात तीसहून अधिक आणि धारवाडला १९ जणांचे प्राण गेले. त्या बहुमजली इमारती होत्या आणि बैठ्या घराच्या भेगेशी त्यांची थेट तुलना होत नाही. तरीही बांधकामातील दोषाकडे डोळेझाक करण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे गोव्याने आणि धारवाडने दोघांनीही पाहिले आहे.

याउलट, हालचाल जुनी आणि थांबलेली असेल, कारण एका गळक्या संपाइतके स्पष्ट असेल, खांब-तुळया शाबूत असतील आणि दुरुस्तीचा पूर्ण खर्च किमतीतून वजा होत असेल, तर भेगा असूनही ते घर घेणे शहाणपणाचे ठरू शकते. अशा वेळी अभियंत्याचा अहवाल, मोजमापांची वही आणि दुरुस्तीची बिले खरेदीखताबरोबर जपून ठेवावीत. पुढे कधी घर विकायची वेळ आली, तर नवा खरेदीदारही त्या भेगेविषयी विचारणारच, आणि तेव्हा त्याच्यासमोर ठेवायला हीच कागदपत्रे उपयोगी पडतील.